एका वर्गाची हजेरी
(तारापूर-बोईसर परिसराच्या पूर्ववृत्तांतील कांहीं पानें)

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी वर्षीं निघणाऱ्या स्मरणिकेसाठीं "कांहीं जुनें लिहून द्या" अशी आज्ञा झाली, तेव्हां प्रथम मन संकोचलें. शास्त्रशुद्ध इतिहास लिहिण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाहीं; आणि नुसत्या आठवणी लिहाव्या, तर त्या एका वृद्धाच्या घरगुती गोष्टी ठरावयाच्या. परंतु अधिक विचार करतां असें दिसून आलें कीं, ज्या वर्गांत मी शिकलों त्या वर्गांतील मुलामुलींच्या घरोघरीं या किनाऱ्याचा हजार वर्षांचा इतिहास विखुरलेला होता. आम्ही एका बांकावर बसत होतों, एका हौदाचें पाणी पीत होतों. पण शेजारच्या मुलाच्या मागें केवढा काळ उभा आहे, हें त्या वयांत आम्हांपैकीं कोणासच ठाऊक नव्हतें. तेव्हां त्या वर्गाची हजेरी घेत घेत गांवाचा इतिहास सांगावा, असें ठरवून हा लेख लिहीत आहें.

महोत्सव हा शब्द आपण सहज उच्चारतों. परंतु त्याचें मूळ पवित्र शास्त्रांत आहे. लेवीय या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत योबेल वर्षाचा नियम सांगितला आहे. सात वेळां सात वर्षें लोटल्यावर पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, शिंग फुंकून देशभर मोकळीक जाहीर करावी, आणि ज्याचें वतन हातचें गेलें असेल त्यानें आपल्या भूमीस व आपल्या कुळाकडे परत जावें, असा त्याचा आशय आहे. म्हणजे महोत्सव हा मुळांत रोषणाईचा किंवा मेजवानीचा नव्हे. तो परत येण्याचा आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण लेखाच्या शेवटीं तिजकडे पुन्हां यावयाचें आहे.

माझे वडील वसईकडचे गवंडी. इ. स. १९६४ साली तारापूरनजीक समुद्रकांठीं भारतांतील पहिलें अणुविद्युत् केंद्र उभारण्याचा करार अमेरिकेंतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीशीं झाला, आणि कामाला माणसें लागूं लागलीं. कोणी मंगळूरचे सुतार आले, कोणी केरळांतील जोडारी आले, कोणी छोटा नागपूरचे मजूर आले. तसेच आमचे वडीलही हातांत थापी आणि ओळंबा घेऊन आले, आणि कांहीं महिन्यांनीं आम्हां मायलेकरांस त्यांनीं बोलावून घेतलें. बोईसर हें तेव्हां १८६४ साली सुरू झालेल्या मुंबई-सुरत लोहमार्गावरील एक लहानसें ठाणें होतें. स्टेशनाबाहेर पडलें कीं गवताची कुरणें, भाताचीं खाचरें आणि ताडांच्या रांगा दिसत. तेथून समुद्राकडे सहासात मैल गेलें म्हणजे तारापूर. आणि खाडी ओलांडली कीं चिंचणी. दक्षिणेस तारापूर, उत्तरेस चिंचणी, मध्यें भरती-ओहोटीचें पाणी. आणि हीं दोन गांवें लोकांच्या बोलण्यांत मात्र एकाच दमांत येत : चिंचणी-तारापूर.

चौथीच्या वर्गांत नांव दाखल झालें. हजेरी घेतांना गुरुजी माझ्या नांवाशीं क्षणभर अडखळत. फर्नांडिस, डिसोजा, लोपीस अशीं नांवें वसईंत घरोघर. येथें मात्र सबंध वर्गांत माझें एकच. मुलें मागें वळून पाहत. "हजर" म्हणतांना माझा आवाज बारीक होई. सहाध्यायांपैकीं बरेच आज नाहींत, आणि जे आहेत त्यांस आपलें नांव छापून आलेलें रुचेल कीं नाहीं कोणास ठाऊक. म्हणून येथें नांवें न देतां ज्याच्या त्याच्या गांवानें किंवा घरानें ओळख देतों.

माझ्या डाव्या बाजूस बसे तो घिवलीचा मांगेला. त्याच्या दप्तरास सुक्या बोंबलांचा वास येत असे, आणि त्याची त्यास मुळींच लाज नव्हती. समुद्र किती हात खोल आहे, डोल कोठें रोवावी, उधाण कोणत्या तिथीस येतें, हें त्यास पाढ्यांपेक्षां अधिक पाठ. उजव्या बाजूस वाडवळाचा मुलगा. त्याच्या वाडींत पानवेल, केळी आणि भाजीपाला होई, व त्याचे वडील रात्रींच्या रात्रीं मुंबईच्या बाजारांत माल पोंचवीत. पुढच्या बांकावर एक पारशी मुलगी व तिच्या शेजारीं भंडाऱ्याची मुलगी. मागें एक मुसलमान मुलगा, ज्याच्या आजोबांचें चिंचणीच्या बाजारांत दुकान होतें. त्याच्याजवळ नांदगांवचा मुलगा, त्याच्यापलीकडे अक्करपट्टीचा, आणि अगदीं शेवटीं, दाराजवळ, वारली समाजांतील एक मुलगा, जो पांचवीच्या पावसाळ्यानंतर पुन्हां दिसला नाहीं.

आतां या हजेरीचा अर्थ सांगतों.

चिंचणीचें नांव भारताच्या इतिहासांत ज्यामुळें कायमचें नोंदलें गेलें, ती गोष्ट आमच्या शाळेच्या हाकेच्या अंतरावर घडली होती. इ. स. १९५५ साली चिंचणी येथें जुने ताम्रपट सांपडले. दिनेशचंद्र सरकार या थोर लिपितज्ज्ञांनीं ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतील एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, इ. स. ९२६ चा आहे. त्यावरून असें कळतें कीं, त्या वेळीं संजाण प्रांताचा कारभार मुहम्मद नांवाच्या एका अरबाकडे होता. ताम्रपटांत त्यास ताजिक म्हटलें असून त्याचें नांव संस्कृतांत मधुमती असें उतरविलें आहे. या परधर्मी अधिकाऱ्यानें लोकांसाठीं नदीवर मोफत तरीची सोय केली व अन्नछत्र घातलें, इतकेंच नव्हे, तर एका देवीच्या मठास जमीन देण्यास त्याची अनुमती होती. राजा हिंदु, सुभेदार मुसलमान, दान देवीच्या मठास, आणि तो सर्व व्यवहार तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवलेला! मागच्या बांकावरील त्या मुसलमान मुलास कोणी चिडवून "तुम्ही बाहेरचे" म्हटलें, तर तो खालीं पाही. हा ताम्रपट तेव्हां जर कोणी आम्हांस वाचून दाखविला असता, तर त्याला मान खालीं घालावी लागली नसती. तो सांपडून दहा वर्षें झालीं होतीं. पण शाळेच्या पुस्तकापर्यंत तो पोंचला नव्हता.

पुढच्या बांकावरील पारशी मुलीची कथा निराळी. संजाणच्या बंदरीं तिचे पूर्वज केव्हां उतरले तें सांगणें पंडितांचें काम. पण तारापूरच्या पारश्यांचा अलीकडचा वैभवकाळ सर्वांस ठाऊक आहे. विकाजी मेहेरजी व त्यांचे बंधु पेस्तनजी मेहेरजी हे तारापूरचे. कंपनी सरकारच्या मुलुखांत जकातीचे मक्ते घेऊन त्यांनीं संपत्ति मिळविली, पुढें हैदराबादेस मोठी पेढी घातली, व निजामांच्या राज्यास कर्जें पुरविलीं. औरंगाबादेच्या टांकसाळींत पेस्तनजींच्या नांवानें पडलेल्या रुपयांस "पेस्तनशाही" म्हणत. तारापूरची अग्यारी या घराण्यानें १८२० साली बांधली. पुढें हैदराबादचें येणें बुडालें आणि पेढी बसली. पण अग्यारी राहिली. गांवचा किल्लाही एके काळीं याच घराण्याकडे इनाम होता. आमच्या लहानपणीं किल्ल्याच्या दारांतून डोकावलें तर आंत तोफा नव्हत्या, झाडें होतीं. आणि त्या पारशी मुलीस तेथें बिनदिक्कत जातां येई, म्हणून मधल्या सुट्टींत तिची मर्जी राखण्यांत सर्व वर्ग तत्पर असे.

याच किल्ल्यावरून माझ्या आयुष्यांतील पहिला इतिहासाचा धडा मला मिळाला, आणि तो कडू होता.

सातवींत असतांना गुरुजींनीं वसईची मोहीम शिकविली. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. १५५९ साली त्यांनीं दमण घेतलें. आणि दोहोंच्या मधला हा किनारा त्यांच्या अंमलाखालीं आला. तारापूर दमणच्या हुकुमतींत मोडे. येथें त्यांचा किल्ला होता व डोमिनिकन संघाच्या धर्मगुरूंचा मठ होता. मग १७३७ साली मराठ्यांची मोहीम सुरू झाली; आणि १७३९ च्या जानेवारींत चिमाजी अप्पांनीं माहीम, केळवें, शिरगांव हीं ठिकाणें घेत घेत तारापूरास वेढा दिला. किल्ला निकरानें लढविला गेला व तितक्याच निकरानें जिंकला गेला. पेशव्यांचा जिवलग सरदार बाजी भीवराव रेठरेकर येथेंच गोळी लागून पडला. त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई पडली, आणि उत्तर कोंकणांतील फिरंगी सत्ता संपली.

गुरुजी हें सांगत असतां त्यांचा कंठ दाटून आला होता, आणि वर्गही भारावला होता. इतक्यांत कोणीतरी मागून म्हणालें, "गुरुजी, फिरंगी अजून आहे कीं आपल्या वर्गांत!" सगळीं मुलें माझ्याकडे वळलीं. गुरुजी रागावले नाहींत, हसून म्हणाले, "काय रे, तुझ्या लोकांचा किल्ला होता, तूंच सांग, कां पडला?" त्यांच्या मनांत दुष्टपणा नव्हता, हें आज मी जाणतों. पण त्या क्षणीं जमीन दुभंगेल तर बरें, असें झालें. तेव्हां घिवलीचा मांगेला उठून उभा राहिला, आणि अत्यंत गंभीरपणें म्हणाला, "गुरुजी, याच्या बापाला भिंत बांधतां येते, तोफ डागतां येत नाहीं." वर्ग हसला, गुरुजीही हसले, आणि घंटा झाली.

त्या रात्रीं मीं वडिलांस विचारलें, "आपण फिरंगी कां?" वडिलांनीं शिधा निवडणाऱ्या आईकडे पाहिलें, मग माझ्याकडे; आणि म्हणाले, "आपण कुंभार-कोळ्यांसारखेच इथले. आपला देव आपल्याकडे कोणत्या गलबतांतून आला, तें देवाला विचार. आपण मात्र गलबतांतून आलों नाहीं." वडील शिकलेले नव्हते. परंतु पुढें इतिहास वाचतांना त्यांच्या उत्तरांत भर घालण्यासारखें फारसें कांहीं मला आढळलें नाहीं.

तरीही सत्य पुरतें सांगितलें पाहिजे. महोत्सवाच्या वर्षीं तर विशेषेंकरून. पोर्तुगीज राजवटींत या मुलुखांत धर्माच्या नांवावर जुलूम झाला. इन्क्विझिशनचें न्यायासन, देवळांचा विध्वंस, अन्यधर्मीयांच्या उत्सवांवरील बंदी, या गोष्टी घडल्या. आणि त्यांस कंटाळूनच अंताजी रघुनाथ कावळे, अणजूरचे गंगाजी नाईक यांच्यासारख्या स्थानिक लोकांनीं पेशव्यांकडे धांव घेतली. हें आपण ख्रिस्ती लोकांनीं झांकून ठेवूं नये. झांकलेलें गळूं आंतल्या आंत वाढतें. परंतु तितकेंच खरें हेंही आहे कीं, वसई पडतांना जो तह झाला, त्यांत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक मराठ्यांनीं दिली, व ती पाळली. म्हणूनच वसईचीं देवळें आणि वसईचे ख्रिस्ती आजवर टिकले. जेत्यानें सूड न घेतल्याचें हें उदाहरण आपणांस विसरतां येणार नाहीं. आमच्या समाजाचें अस्तित्व हीच त्याची साक्ष होय.

तारापूरचें मात्र तसें झालें नाहीं. येथील मठ ओसाड पडला, धर्मगुरु गेले, आणि लहानशी ख्रिस्ती वस्ती विरून गेली. सव्वादोनशें वर्षांनंतर ती पुन्हां आली, ती तलवार घेऊन नव्हे, किंवा राजाचें फर्मान घेऊनही नव्हे. थापी, करवत, पाना आणि डोक्यावर ट्रंक घेऊन आली. आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासाची सुरुवात किल्ल्यापासून करावी कीं त्या ट्रंकांपासून, असा प्रश्न मला कोणी विचारला, तर मी नि:संशय ट्रंकांपासून म्हणेन.

नांदगांवचा मुलगा आमच्यांत सर्वांत अबोल. ऑगस्ट महिना आला म्हणजे मात्र तो ताठ मानेनें बसे. १४ ऑगस्ट १९४२ रोजीं पालघर येथें "चले जाव" चळवळींतील मोर्च्यावर गोळीबार होऊन पांच तरुण हुतात्मे झाले. त्यांपैकीं एक नांदगांवचा. पालघरचा हुतात्मा चौक त्या पांचांचें स्मारक आहे. बाकीच्यांचीं गांवें पाहिलीं तर सातपाटी, मुरबे, सालवड आणि खुद्द पालघर. म्हणजे कोळी-मांगेल्यांची वस्ती, वाडवळांची वाडी, रेल्वेचें गांव, सर्वांनीं आपापला वाटा दिला. त्या दिवशीं शाळेंत झेंडा लागे, आणि तो मुलगा, ज्यास एरव्हीं बोलतें करणें कठीण, तो पांचांचीं नांवें न अडखळतां सांगे. वर्गांत माझें नांव उच्चारतांना अडखळणारे गुरुजी त्या वेळीं स्वस्थ उभे राहून ऐकत.

आणि दाराजवळचा वारली मुलगा? त्याच्या वडिलांच्या पिढीनें १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. गोदावरी परुळेकर व त्यांचे सहकारी यांनीं तलासरी-डहाणू भागांत आदिवासींस संघटित केलें, आणि लग्नासाठीं घेतलेल्या कर्जापायीं जन्मभर सावकाराघरीं राबण्याची चाल मोडली. परंतु चाल मोडली तरी दारिद्र्य मोडलें नव्हतें. पांचवींत असतां भातकापणीच्या दिवसांत तो घरीं गेला, आणि त्याचें नांव कांहीं दिवस हजेरींत पुकारलें गेलें. "गैरहजर", "गैरहजर", असें आम्हींच ओरडत असूं. मग एके दिवशीं गुरुजींनीं त्या नांवावर रेघ ओढली. आम्हांपैकीं एकानेंही त्याच्या पाड्यावर जाऊन चौकशी केली नाहीं. आजही वर्गाची आठवण निघाली कीं, आमचें पहिलें पाप म्हणून मला तें रेघ मारलेलें नांव आठवतें. पुढें येशूसंघीय धर्मगुरूंचें तलासरीचें काम पाहण्याचा योग आला, आदिवासी मुलांनीं भरलेले वर्ग पाहिले. तेव्हां समाधान वाटलें, पण ती रेघ कांहीं पुसली नाहीं.

१९६९ च्या ऑक्टोबरांत केंद्राची वीज व्यापारी तत्त्वावर वाहूं लागली. पुढील पावसाळ्यांत आमचे वडील तापानें वारले. आमची स्वत:ची दफनभूमि त्या वेळीं जवळपास नव्हती, आणि आईचा हट्ट कीं, त्यांस वसईच्या देवळाच्या आवारांत त्यांच्या आईबापांजवळ ठेवावें. धो धो पाऊस, वाहन मिळेना. तेव्हां वाडवळाच्या मुलाचे वडील आले. त्या रात्रींची मुंबईची भाजीची खेप त्यांनीं रद्द केली, ट्रक धुवून काढला, खालीं केळीचीं पानें अंथरलीं, आणि आईस म्हणाले, "वहिनी, निघूं या." पेटी उचलण्यास हात लागले, ते मांगेल्याचे, भंडाऱ्याचे, मुसलमानाचे आणि अक्करपट्टीच्या मुलाचे. पारशी मुलीच्या आजीनें चंदनाचें लांकूड पाठविलें. वेशीपर्यंत वर्गांतील मुलें पावसांत चालत आलीं. आमच्या धर्मग्रामाची स्थापना कागदोपत्रीं केव्हां झाली तें आपल्या दप्तरांत नोंदलेलें आहे. माझ्यापुरती ती त्या रात्रीं, त्या ट्रकाशेजारीं झाली.

त्याच सुमारास आपली उपासनाही बदलत होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–१९६५) लॅटिन मिस्सेच्या जागीं मराठी आली. भाड्याच्या खोलींत, लांकडी टेबलावर पांढरा कपडा अंथरून होणाऱ्या त्या आरंभींच्या मिस्सांत मंगळूरकरांस मराठी समजत नसे, मल्याळी कुटुंबांस गाणीं येत नसत, आणि आम्हां वसईकरांस वाटे कीं आपली भाषा ती हीच. नाताळच्या सायंकाळीं मात्र भाषेची अडचण पडत नसे. कारण पाहुण्यांत अर्धे लोक आमच्या वर्गाचेच असत. १९९८ साली मे महिन्यांत मुंबईच्या महाधर्मप्रांतांतून वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला, व आपण त्यांत समाविष्ट झालों. ज्या वसईंतून वडिलांची ट्रंक आली, तिच्याशीं आपलें नातें असें पुन्हां जुळलें.

वर्ग पांगला. बोईसरनजीक औद्योगिक वसाहत झाली, कारखान्यांचे भोंगे सुरू झाले, गवताच्या कुरणांवर चाळी उठल्या. भंडाऱ्याच्या मुलीचे भाऊ सोन्याचे दागिने ठोकण्याच्या डाय कोरूं लागले. हा बारीक हुन्नर चिंचणी-तारापूरच्या बाजूस घरोघरीं चालतो, आणि देशांतल्या कित्येक सराफांच्या दुकानांतील नक्षी मुळांत या खेड्यांतल्या ओट्यावर कोरलेली असते, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. पारशी मुलगी मुंबईस गेली. घरास कुलूप लागलें. मुसलमान मुलगा आखाती देशांत गेला, परत आला, आणि आजोबांचें दुकान पुन्हां उघडून बसला. २०१३ साली उपनगरी गाडी डहाणूपर्यंत आली. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. ज्या स्टेशनावर उतरतांना एकच छकडा दिसे, तेथें आज रिक्षांच्या रांगांतून वाट काढावी लागते.

आणि अक्करपट्टी? केंद्राचे तिसरे व चौथे संच, प्रत्येकीं ५४० मेगावॉटचे, उभे करावयाचे ठरलें, तेव्हां अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठवावीं लागलीं. चौथा संच २००५ साली, तिसरा २००६ साली चालू झाला. गांवकऱ्यांस दुसरीकडे घरें मिळालीं, नव्या वसाहतींस जुनींच नांवें मिळालीं. पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. वीज देशास हवी होती, यांत शंका नाहीं. आमच्याच वडिलांनीं पहिल्या संचांच्या भिंती बांधल्या होत्या, तेव्हां त्या विजेस नांव ठेवण्याचा अधिकार मला नाहीं. पण माझा वर्गमित्र एकदां भेटला असतां एवढेंच म्हणाला, "आमचें घर, विहीर, देव, सगळें मिळालें नवीन, फक्त समुद्राचा आवाज नाहीं मिळाला. रात्रीं झोंप येत नाहीं." मीं त्यास उत्तर दिलें नाहीं. उत्तर नव्हतेंच.

आज चिंचणीच्या उत्तरेस वाढवण येथें मोठें बंदर होऊं घातलें आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं त्याची पायाभरणी झाली. किनाऱ्यावरील मच्छीमार त्याविषयीं चिंतेंत आहेत, इतर कित्येकांस त्यांत रोजगार दिसतो. त्या वादाचा निर्णय करण्याची ही जागा नव्हे. परंतु या किनाऱ्याचें रूप आणखी एकदां पालटणार, इतकें स्पष्ट आहे. आणि पालटण्यापूर्वीं जें आहे तें लिहून ठेवणें हें मात्र आपल्या हातचें आहे.

आतां योबेल वर्षाकडे परत येऊं. शास्त्र म्हणतें, प्रत्येकानें आपल्या भूमीस परत यावें. पण अक्करपट्टीच्या मित्रास परत जातां येत नाहीं. पारशी मुलीच्या घरास कुलूप आहे. वारली मुलाचा पाडा कोणता, तेंही आम्हांस ठाऊक नाहीं. माझे वडील मात्र परत गेले, तेही दुसऱ्याच्या ट्रकांतून. मग आपला महोत्सव खरा कसा व्हावा? मला वाटतें, भूमि परत देणें ज्याच्या हातीं नाहीं, त्यानें निदान नांव परत द्यावें. ताम्रपटावर कोरलेला मुहम्मद एक हजार वर्षें मातीखालीं राहिला, पण त्याचें सत्कृत्य हरवलें नाहीं, कारण कोणीतरी तें लिहून ठेवलें होतें. पालघरचे पांच तरुण विसरले गेले नाहींत, कारण एक अबोल मुलगा त्यांचीं नांवें दर वर्षीं सांगत असे.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांस एक नम्र विनंती आहे. आपल्या देवळाच्या दप्तरांत बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यु यांच्या नोंदी आहेत. त्यांच्या जोडीस आणखी एक वही ठेवावी. आपण प्रथम या भागांत आलों तेव्हां ज्यांनीं पाणी दिलें, खोली दिली, मिस्सेसाठीं टेबल दिलें, मयतीसाठीं खांदा दिला, त्यांचीं नांवें तींत लिहावीं. मग ते कोणत्याही धर्माचे असोत. जीं गांवें उठलीं त्यांच्या विहिरी, वाटा, आळ्या, आणि तेथें राहणाऱ्यांचीं नांवें लिहावीं. ज्यांस त्या आठवतात अशीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. पुढील पावसाळा त्यांपैकीं किती जण पाहतील, हें प्रभूस ठाऊक. तरुणांनीं सुट्टीच्या दिवशीं एकेका वृद्धाजवळ बसून एकेक पान लिहून घेतलें, तर हें काम वर्षभरांत होईल.

त्या वहीच्या पहिल्या पानावर कोणाचें नांव लिहावें, असें मला कोणी विचारलें, तर मी दाराजवळ बसणाऱ्या त्या मुलाचें नांव सांगेन. साठ वर्षांपूर्वीं त्यावर ओढलेली रेघ आपण पुसूं शकत नाहीं. पण त्याच्याखालीं तेंच नांव पुन्हां लिहूं शकतों. त्याचा पाडा शोधण्यास मी निघणार आहें. वर्गांतील जे तिघे-चौघे चालूं शकतात, ते बरोबर येतों म्हणाले आहेत; घिवलीचा मांगेला, हातांत काठी असूनही, पुढें चालणार आहे.

ज्या दयाळू प्रभूनें या किनाऱ्यावर निरनिराळ्या काळीं, निरनिराळ्या वाटांनीं आम्हां सर्वांस आणून एका बांकावर बसविलें, तो आपल्या धर्मग्रामावर, त्याच्या शेजाऱ्यांवर आणि उठून गेलेल्या गांवांच्या लेकरांवर आपला आशीर्वाद ठेवो. आणि शेवटच्या दिवशीं तो जेव्हां हजेरी घेईल, तेव्हां त्या वर्गांतील एकही मूल गैरहजर न राहो, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.